डोहाळे, रक्तदाब की मेंदूतील गाठ? गर्भवतीच्या डोकेदुखीचा अर्थ

गर्भारपण म्हटले की डोकेदुखी, उलट्या आणि चक्कर ओघाने आल्याच, अशी आपल्याकडे घराघरांत समजूत आहे. बहुतेक वेळा ती खरीही ठरते. तथापि, क्वचित एखाद्या गर्भवतीच्या बाबतीत याच तक्रारींमागे मेंदूत वाढणारी गाठ असते आणि ‘डोहाळे आहेत, होईल कमी’ असे म्हणत मोलाचे आठवडे निघून जातात. गर्भावस्थेतील मेंदूची गाठ हा दुर्मीळ विकार आहे. तिची खरी अडचण अशी, की तिची लक्षणे गर्भारपणाच्या नेहमीच्या तक्रारींशी मिळतीजुळती असतात.

दुर्मीळ म्हणजे किती, याचा अंदाज शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांवरून घेता येईल. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी पावणेचार लाखांहून अधिक होती. दर हजारी सोळा जन्म असा ढोबळ हिशेब धरला, तर दोन्ही तालुके मिळून वर्षाला सुमारे बारा हजार बाळंतपणे होतात. पूर्व जर्मनीतील नोंदींवर आधारलेला आणि आजही आधाराला घेतला जाणारा एक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर दहा लाख जिवंत जन्मांमागे मेंदूच्या कर्करोगाचे प्रमाण साडेतीनच्या आसपास आढळले होते. हे प्रमाण लावल्यास शिरूर-दौंडमध्ये अशी रुग्ण वीस-पंचवीस वर्षांतून एखादीच आढळेल. कर्करोग नसलेल्या गाठी या हिशेबात धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तरी संख्या थोडीच राहील.

म्हणजेच ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या एखाद्या डॉक्टरला संपूर्ण कारकिर्दीत अशी एकही रुग्ण भेटणार नाही, असे होऊ शकते. डोके दुखते म्हणून येणाऱ्या गर्भवती मात्र त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात रोजच असतात. या गर्दीतून वेगळी डोकेदुखी ओळखायची कशी, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ गाठीच्या रुग्णांपुरते उपयोगाचे नाही. ज्या खबरदारीने गाठ सापडते, त्याच खबरदारीने गाठीपेक्षा कितीतरी अधिक आढळणारे आणि तितकेच जीवघेणे अन्य विकारही वेळेत सापडतात.

बंद पेटीतील वाढ

कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव या तिघांनी जागा वाटून घेतलेली असते. चौथे काही वाढू लागले, की आतील दाब वाढतो. डोकेदुखी, उलट्या, अंधूक दिसणे ही त्या दाबाची लक्षणे होत. गाठ मेंदूच्या ज्या भागावर असेल, त्यानुसार एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलताना शब्द न सुचणे, तोल जाणे, स्वभाव एकाएकी बदलणे किंवा आकडी येणे ही लक्षणे त्यात मिसळतात.

गर्भावस्थेत प्रामुख्याने तीन प्रकारच्या गाठी आढळतात. ग्लायोमा ही मेंदूच्या आधारपेशींपासून होणारी गाठ. तिचे काही प्रकार वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाचे असतात. मेनिन्जिओमा ही मेंदूच्या आवरणापासून होणारी, बहुधा कर्करोग नसलेली आणि सावकाश वाढणारी गाठ. तिसरी, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ.

गर्भारपण आणि गाठ यांचे नाते

गर्भारपणामुळे मेंदूत गाठ निर्माण होते, असा पुरावा नाही. मात्र, आधीपासून असलेली, पण गप्प बसलेली गाठ या काळात जागी होऊ शकते. त्याची कारणे शरीराच्या बदलांत आहेत. गर्भवतीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळपास निम्म्याने वाढते, पेशींत पाणी अधिक साठते आणि त्यामुळे गाठीभोवतीची सूजही वाढू शकते. मेनिन्जिओमाच्या अनेक गाठींवर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राहक असतात. गर्भावस्थेत या संप्रेरकाची पातळी खूप वाढते. म्हणूनच अशा गाठीची लक्षणे बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत उमटतात.

या नात्याची दखल वैद्यकाने फार पूर्वी घेतली आहे. गर्भावस्थेत वेगाने वाढलेल्या मेंदूच्या गाठीची नोंद फ्रान्समध्ये १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे अमेरिकेतील अध्वर्यू हार्वे कुशिंग यांनी लुईस आयझेनहार्ट यांच्यासह १९२९ मध्ये दृष्टिमज्जेजवळच्या मेनिन्जिओमाविषयी लिहिताना गर्भारपणात दृष्टी मंदावत गेल्याचे निरीक्षण नोंदविले.

यातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाळंतपणानंतर ही लक्षणे कधीकधी आपोआप ओसरतात. घरच्यांना वाटते, बाळंतपण झाले आणि त्रास गेला. प्रत्यक्षात गाठ जागच्या जागी असते आणि पुढच्या गर्भारपणात पुन्हा डोके वर काढते. त्यामुळे ‘मागच्या वेळीही असेच डोळ्यांपुढे अंधारायचे’ असे गर्भवतीने सांगितले, तर ते दिलासा देणारे वाक्य मानू नये. तो तपासणीचा इशारा आहे.

पिट्यूटरी ग्रंथी तर गर्भावस्थेत स्वभावतःच मोठी होते. प्रोलॅक्टिन स्रवणारी गाठ या ग्रंथीत असेल, तर ती दृष्टिमज्जेवर दाब देऊ शकते. वंध्यत्वाच्या उपचारांत अनेक स्त्रियांना ही गाठ असल्याचे प्रथम कळते आणि ब्रोमोक्रिप्टिन किंवा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी त्यांना दिवस राहतात. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असल्यास गर्भावस्थेत त्रास होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच असते. मोठ्या गाठीवर आधी शस्त्रक्रिया झाली नसल्यास हे प्रमाण सुमारे पाचात एक इतके होते. अशा स्त्रियांनी दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटून गोळी थांबवायची की चालू ठेवायची हे विचारावे आणि गाठ मोठी असल्यास दर तिमाहीस दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्यावी.

नेहमीची कोणती, धोक्याची कोणती?

गर्भारपणातील उलट्या साधारणतः सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात आणि सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत बहुतेकींच्या थांबतात. चौथा-पाचवा महिना उलटल्यावर नव्याने सुरू झालेल्या उलट्यांना डोहाळे म्हणू नये. डोकेदुखीच्या बाबतीतही काही खुणा आहेत. पहाटे झोपेतून जागे करणारी, खोकताना, शिंकताना वा वाकताना वाढणारी, दिवसागणिक तीव्र होणारी, पूर्वी कधीही नव्हती अशा प्रकारची डोकेदुखी ही नेहमीची नव्हे. तिच्या जोडीला एकाचे दोन दिसणे, बाजूचे न दिसणे, चालताना एकीकडे झोक जाणे यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. औषधाच्या दुकानातून गोळी आणून दुखणे दाबत राहणे हा उपाय नव्हे.

येथे एक लहानसे उपकरण मोठे काम करते. ऑप्थॅल्मोस्कोप या हातात धरता येणाऱ्या विजेरीसारख्या साधनाने डॉक्टर डोळ्याचा आतील पडदा पाहतात. मेंदूतील दाब वाढला असेल, तर दृष्टिमज्जेच्या टोकाला आलेली सूज तेथे दिसू शकते. ही तपासणी काही मिनिटांची असते आणि तिच्यापासून गर्भाला कोणताही धोका नाही. सूज दिसली नाही म्हणून गाठ नाहीच असे मात्र म्हणता येत नाही. लक्षणे बोलत असतील तर पुढची तपासणी करावीच लागते.

प्रत्येक आकडी रक्तदाबाची नव्हे

गर्भवतीला आकडी आली, की पहिला संशय गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाचा असतो आणि तो योग्यच आहे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४० बाय ९० किंवा त्याहून अधिक, लघवीत प्रथिने आणि त्यानंतर आकडी, ही एक्लॅम्प्सियाची ओळख. मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन हा त्यावरील प्रमुख उपचार असून त्याची पहिली मात्रा देऊनच रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवायचे असते. गाठीचा संशय आला म्हणून या उपचारास विलंब करू नये.

प्रश्न त्यानंतर सुरू होतो. आकडी विसाव्या आठवड्याच्या आधी आली, रक्तदाब व लघवीची तपासणी ठीक निघाली, आकडीत शरीराची एकच बाजू झटके देत होती किंवा शुद्धीवर आल्यावर हात-पाय लुळा राहिला, तर मेंदूची तपासणी अटळ आहे. आणखी एक गुंतागुंत अशी, की कवटीतील दाब फार वाढल्यास रक्तदाबही वाढतो आणि नाडी मंदावते. म्हणजे केवळ रक्तदाब वाढलेला दिसला, म्हणून निदान पूर्ण झाले असे मानता येत नाही.

ग्रामीण भागात आजही आकडी आलेल्या व्यक्तीला कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, कधी ‘बाहेरचे’ पाहिले जाते. त्यात जाणारा वेळ आई आणि बाळ दोघांनाही महाग पडतो. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, आकडी किती वेळ टिकली ते घड्याळात पाहावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. घरच्यांनी एवढेच करावयाचे असते.

गाठीसारखे दिसणारे अन्य विकार

मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसणारा प्रत्येक गोळा म्हणजे कर्करोग नव्हे. आपल्या देशात क्षयरोगाची गाठ आणि फीतकृमीच्या अंड्यांपासून मेंदूत होणारी पुटी ही आकडीची नेहमीची कारणे आहेत. दोन्हींवर औषधोपचार उपलब्ध आहेत. द्राक्षगर्भानंतर क्वचित होणारा कोरिओकार्सिनोमा हा कर्करोग मेंदूत पसरू शकतो. रक्तातील एचसीजीच्या पातळीवरून त्याचा माग लागतो आणि पसरलेला असतानाही तो केमोथेरपीने बरा होण्याची शक्यता चांगली असते.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मेंदूतील अशुद्ध रक्तवाहिन्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. डोकेदुखी, उलट्या, आकडी, लुळेपणा ही तिचीही लक्षणे. गर्भावस्थेत रक्त गोठण्याचे प्रमाण वाढलेले असते. त्यात बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे या जुन्या प्रथेने शरीर कोरडे पडले, की गुठळीस आमंत्रणच मिळते. शेक-शेगडीत बसलेल्या बाळंतिणीचे डोके दुखते म्हटल्यावर ‘वारा लागला’ असे निदान घरात करू नये.

तपासणीची भीती

गर्भवतीचा स्कॅन करायचा म्हटले की कुटुंब बिथरते आणि कधी डॉक्टरही कचरतात. ही भीती बव्हंशी अनाठायी आहे. एमआरआय तपासणीत क्ष-किरण नसतात. चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने मेंदूचे चित्र मिळते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या तिमाहीत एमआरआय झालेल्या गर्भवतींच्या बाळांना त्यामुळे अधिक अपाय झाल्याचे आढळले नाही. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासाने गॅडोलिनियम या शिरेतून द्यायच्या औषधाबाबत मात्र सावधगिरीचा इशारा दिला. त्यामुळे गर्भवतीचा एमआरआय शक्यतो या औषधाविना करतात.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण असतात हे खरे. परंतु डोक्याच्या स्कॅनमध्ये ते पोटापासून दूर असतात आणि गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा नगण्य असते. गर्भाला अपाय होण्याची शक्यता ज्या मात्रेपासून मानली जाते, तिच्या तुलनेत ती हजारो पटींनी कमी आहे. रात्री-अपरात्री आकडी आली आणि एमआरआय उपलब्ध नसेल, तर सीटी स्कॅन नाकारणे हेच अधिक धोक्याचे ठरते.

उपचार : दोन जिवांचा विचार

गाठीचे निदान झाले म्हणजे गर्भपात करावाच लागतो, असे मुळीच नाही. गाठीचा प्रकार, तिचा आकार, आईची अवस्था आणि गर्भाचे वय यांवर निर्णय ठरतो. न्यूरोसर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नवजात शिशुतज्ज्ञ यांनी तो एकत्र बसून घ्यावयाचा असतो.

आईची प्रकृती स्थिर असेल आणि गाठ सावकाश वाढणारी असेल, तर लक्ष ठेवून बाळंतपणानंतर शस्त्रक्रिया करता येते. थांबणे शक्य नसेल, तर दुसरी तिमाही शस्त्रक्रियेस तुलनेने अनुकूल मानली जाते. पहिल्या तिमाहीत गर्भाचे अवयव घडत असतात, तर तिसऱ्या तिमाहीत रक्तस्राव आणि अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. सुमारे ३४ आठवडे उलटले असतील, तर बहुधा आधी बाळंतपण आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम ठेवतात. आईची शुद्ध हरपू लागली असेल, तर मात्र महिना मोजत बसता येत नाही.

मेंदूची सूज उतरविण्यासाठी स्टेरॉइड दिले जाते; बाळ अकाली जन्माला येण्याची शक्यता असल्यास यांपैकी काही स्टेरॉइडांचा बाळाच्या फुप्फुसांनाही लाभ होतो. आकडी रोखण्यासाठी लेव्हेटिरॅसिटम किंवा लॅमोट्रिजिन या औषधांना पसंती असते. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने ते टाळतात. मात्र, आधीपासून सुरू असलेली आकडीची कोणतीही गोळी गर्भवतीने स्वतःच्या मनाने बंद करू नये. एकाएकी गोळी थांबल्याने येणारी आकडी अधिक घातक असते. किरणोपचार आणि केमोथेरपी शक्य तोवर बाळंतपणानंतर देण्याकडे कल असतो. नाइलाज असेल, तेव्हा पोटावर संरक्षक आवरण ठेवून मेंदूवर किरणोपचार करता येतात.

बाळंतपणाची पद्धतही गाठीनुसार ठरते. कळा देताना जोर लावला, की कवटीतील दाब वाढतो. दाब आधीच वाढलेला असेल, तर पूर्ण भूल देऊन सिझेरियन करणे सुरक्षित ठरते. अशा वेळी पाठीच्या मणक्यात सुई घालून दिलेली भूल जिवावर बेतू शकते, कारण द्रव बाहेर पडून मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. म्हणूनच भूलतज्ज्ञाला गाठीची माहिती आधी असणे अत्यावश्यक आहे. दाब वाढलेला नसेल, तर अनेकींचे बाळंतपण नैसर्गिकरीत्या होऊ शकते.

गर्भ ठेवायचा की नाही, हा प्रश्न उभा राहिलाच तर कायदा स्पष्ट आहे. वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका आणि ठरावीक प्रवर्गांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी तो तातडीने आवश्यक असेल, तर ही मुदत आड येत नाही. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पती किंवा सासरची संमती कायद्याने मागितलेली नाही. तिला तिच्या आजाराची पूर्ण माहिती देणे, हा या संमतीचा पाया आहे.

शिरूर-दौंड ते पुणे

न्यूरोसर्जरीची सोय तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नसते. शिरूरहून पुणे सुमारे ६५, तर दौंडहून सुमारे ८० किलोमीटर. नगर रस्त्यावर शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली येथील वाहतूक कोंडी या अंतरात भर घालते. म्हणून शिरूर, न्हावरे, यवत वा दौंड येथील सरकारी रुग्णालयात पहिल्या तासात होणारा निर्णय महत्त्वाचा ठरतो. रक्तदाब, लघवी, डोळ्याचा पडदा आणि हातापायांची ताकद तपासून ‘मेंदूची तपासणी आवश्यक’ एवढे चिठ्ठीवर लिहिले गेले, तर ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात पुढचा रस्ता लवकर सापडतो.

दुसरी अडचण कागदांची आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात गर्भवती एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाते आणि डॉक्टर बदलतो. सहाव्या महिन्यापासूनची डोकेदुखी नव्या डॉक्टरला पहिल्या दिवसाची वाटते. साखर कारखान्यांच्या हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीसाठी येणाऱ्या गर्भवतींची तर मागील नोंद हाताशी नसणे हेच नेहमीचे. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवणे आणि प्रत्येक तक्रार त्यावर तारखेसह लिहून घेणे, हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

गावपातळीवर हे काम होऊ शकते, याचा दाखला शिरूर तालुक्यातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढू येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला आणि गावातीलच व्यक्तींना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या कोयाजी यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज तेच काम आशा कार्यकर्ती करते. तिच्या प्रश्नांत ‘उलटी होते का?’ याबरोबर ‘दिसायला काही फरक पडला का?’ हा एक प्रश्न वाढला, तरी पुष्कळ साधेल.

खर्चाच्या भीतीने पुण्याला जाणे लांबविण्याचे कारण नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात गर्भवतीची तपासणी, उपचार आणि वाहतूक मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली असून तिचे संरक्षण वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत आहे. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे त्याची चौकशी करावी.

हे लक्षात ठेवा

- चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर नव्याने सुरू झालेल्या उलट्या आणि पहाटे जागे करणारी डोकेदुखी डॉक्टरांना दाखवा.
- दृष्टीत बदल, एका बाजूचा अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे किंवा आकडी असल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.
- रक्तदाब ठीक असूनही त्रास थांबत नसेल, तर मेंदूच्या तपासणीविषयी स्वतः विचारा.
- दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयात होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीस कार्डासह जा.
- आकडीची गोळी परस्पर बंद करू नका.
- बाळंतपणानंतर त्रास थांबला, तरी अपुरी राहिलेली तपासणी पूर्ण करा.

शंभर गर्भवतींची डोकेदुखी तपासल्यावर त्यांपैकी एकीच्याही मेंदूत गाठ निघणार नाही, हेच संभवनीय आहे. पण त्या शंभरांत कोणाचा रक्तदाब वाढलेला सापडेल, कोणाला क्षयाचे औषध वेळेत मिळेल, कोणाच्या मेंदूतील गुठळी लुळेपणा येण्याआधी कळेल. आणि कधीतरी, अनेक वर्षांतून एकदा, खरोखर गाठ असलेली स्त्रीही त्याच तपासणीतून वेळेत पुण्याला पोहोचेल.